रस्त्याखालची माती

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. आमच्या गावाला हमरस्त्याशी जोडणारा तीन किलोमीटरचा रस्ता त्याच कामातून झाला. पुढे तो दर पावसाळ्यात खचू लागला. डांबर पडले, तरी खचला. “दुष्काळातले काम ते, कसले टिकणार!” असे लोक म्हणत. आजी गप्प बसे. महाविद्यालयात भूगोल विषय घेतल्यावर मला हा रस्ता पुन्हा आठवला आणि त्याचे कोडे भूतंत्र अभियंत्याच्या शास्त्रात उलगडले. त्या शास्त्राची ही अल्पशी ओळख.

रस्ता म्हटला की आपल्याला डांबर दिसते. या अभियंत्याला त्याखालची जमीन दिसते. डांबर व खडीचे थर वाहनाचा भार पसरवून देतात. पण शेवटी तो पेलावा लागतो मातीलाच. म्हणून रस्ता आखला की तो ठिकठिकाणी खड्डे घेऊन मातीचे नमुने प्रयोगशाळेत नेतो. १९२५ मध्ये कार्ल टेरझागी यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदायांत्रिकी हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले.

रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेली ‘सी.बी.आर.’ ही कसोटी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग खात्यात निघाली. साच्यात ठोकून बसवलेली माती चार दिवस पाण्यात ठेवतात. मग ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा अगदी संथपणे तिच्यात दाबतात. तो २.५ मिलिमीटर आत जाण्यास प्रमाणित खडीला १३७० किलो भार लागतो. आपल्या मातीला त्याच्या शेकडा किती भार लागला, तो तिचा आकडा. भिजलेल्या काळ्या जमिनीचा आकडा पुष्कळदा २ च्या आसपास येतो. म्हणजे १३७० किलोच्या जागी अवघे सत्तावीस!

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. शेतातल्या भेगा आपण पाहतोच. कापसाला जे वरदान, तेच रस्त्याला शाप ठरते. उपाय आहेत : न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर द्यावा, मातीत चुना मिसळावा, दोन्ही बाजूंनी चर काढून पाणी बाहेर न्यावे. दबाईलाही नियम आहे. माती ठरावीक ओलाव्यावरच घट्ट बसते, हे राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. दुष्काळात प्यायला पाणी नव्हते, तेथे दबाईला कोठून येणार? माणसे जगवण्याची घाई होती. माती तपासायला सवड कोणाला होती?

या व्यवसायासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आणि पुढे मृदायांत्रिकीचा विशेष अभ्यास लागतो. पण खरे शिक्षण रानातच होते. घाटातली दरड, खाडीकाठचा गाळ आणि आपली काळी जमीन यांचा स्वभाव निरनिराळा; एकीचा उपाय दुसरीला चालत नाही. काम नीट झाले की ते डांबराखाली झाकले जाते आणि करणाऱ्याचे नाव कोणालाच कळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे आजीला सांगितले. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजी खडी चांगली व्हती न्हवं? मापात फोडली व्हती आमी.”

“हो आजी,” मी म्हणालो, “खडी चांगलीच होती.”