आज घरात बोलून ठेवा

दिवेलागण झाली आहे. घरातली सगळी माणसे जेवायला बसली आहेत. पिकापाण्याचे बोलणे निघते, लग्नकार्याचे निघते, पोरांच्या शाळेचे निघते. मरणाचे बोलणे मात्र कोणी काढत नाही. काढलेच तर म्हातारी माणसे म्हणतात, "तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये!"

खरे आहे. मरणाचे नाव कोणाला आवडते? पण आज आम्ही तेच बोलणे काढणार आहोत. कारण त्याने कोणाचा तरी जीव वाचतो.

आपल्या शरीरात हृदय आहे, यकृत आहे, दोन फुप्फुसे आहेत, दोन मूत्रपिंडे आहेत. मूत्रपिंड म्हणजेच किडनी. रक्त गाळून साफ करणे हे तिचे काम. दोन्ही किडन्या निकामी झाल्या की माणसाला डायलिसिस करावे लागते. आठवड्यातून दोन-तीन वेळा दवाखान्यात जायचे. दर वेळी तीन-चार तास यंत्राला लागून पडून राहायचे. मजुरी बुडते, घर बसते. यकृत पुरते बिघडले, तर असाही रोजचा इलाज नाही. दुसऱ्याचे चांगले यकृत मिळाले तरच तो माणूस वाचतो.

ते मिळायचे कोठून? कधी घरचेच कोणी एक किडनी देते, यकृताचा तुकडा देते. पण हृदय जिवंत माणूस कसे देणार? ते मृत माणसाकडूनच मिळते. एका मृत माणसाचे अवयव 8 जणांपर्यंत जीव वाचवू शकतात.

मात्र प्रत्येक मरणात हे होत नाही. घरी मरण आले तर डोळे देता येतात. तेही 6 तासांच्या आत. हृदय, यकृत, किडनी यांचे तसे नाही. त्यांना शेवटपर्यंत रक्त मिळावे लागते. म्हणून मेंदू मेलेला आहे आणि श्वास यंत्रावर चालू आहे, अशा वेळी ते घेता येतात. हे दवाखान्यातच होते.

मेंदू मरणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. डोक्याला मोठा मार लागतो, किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदूचे काम कायमचे थांबते. पण यंत्र श्वास देत असते. म्हणून छाती वरखाली होते, हात ऊन लागतो. घरच्यांना वाटते, माणूस झोपलाय. पण तो गेलेला असतो. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊ शकतो. मेंदू मेलेला माणूस परत येत नाही. यंत्र असूनही थोड्या काळाने हृदय थांबतेच.

काहींना शंका येते, "अवयवांसाठी डॉक्टर लवकर मेला म्हणतील काय?" नाही. आपल्या देशात 1994 साली यासाठी कायदा झाला. 4 डॉक्टरांनी तपासून सही करावी लागते. निदान 6 तासांनी पुन्हा तपासावे लागते. अवयव बसवणारे डॉक्टर या चौघांत नसतात. अवयव विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे. अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात. अंत्यविधी रीतीप्रमाणे होतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. पुष्कळ लोक अवयवदानाचे कार्ड भरतात आणि खिशात ठेवतात. त्यांना वाटते, झाले काम! तसे नाही. त्या वेळी डॉक्टर घरच्यांना विचारतात. नवरा, बायको, मुले, आईबाप, भाऊ, बहीण अशा जवळच्या नातलगाची सही लागते. त्या घडीला घरावर आभाळ कोसळलेले असते. डोळ्यांतले पाणी खळत नसते. "त्यांच्या मनात काय होते?" हे कोणाला ठाऊक नसेल, तर सही कोण करणार?

म्हणून आधी बोलावे. समजा, एका घरी जेवताना असे बोलणे झाले.

वडील म्हणाले, "मला काही झाले आणि डॉक्टरांनी विचारले, तर नाही म्हणू नका. उपयोगी पडेल ते देऊन टाका."

आई म्हणाली, "अहो, भरल्या ताटावर हे काय बोलता?"

"आत्ता सांगितले म्हणजे त्या वेळी तुला एकटीला ठरवावे लागणार नाही."

आजी म्हणाली, "अन् देह अपुरा गेला तर? पुढल्या जन्मी आंधळा होशील!"

नात हसली. "आजी, दधीची ऋषींनी देवांना आपली हाडे दिली. तूच गोष्ट सांगतेस ना? त्यांना कोणी अपुरे म्हटले का?"

आजी जरा गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "माझे डोळे घेतील का गं? मोतीबिंदू काढलाय माझा."

"घेतात, आजी. मोतीबिंदू काढलेला चालतो, चष्माही चालतो."

बघा, चार घास खाऊन होईपर्यंत बोलणे झाले. कोणाचे आयुष्य त्याने कमी झाले नाही.

घरात कोणी "मला द्यायचे नाही" म्हणाले, तर रागावू नका. दान मनापासूनच व्हावे. पण होय असो की नाही, ते घरच्यांना ठाऊक असावे.

विचार करा आणि सांगा :
१. बेशुद्ध होणे आणि मेंदू मरणे यांत फरक काय?
२. कार्ड भरले तरी घरी का सांगावे?
३. आज रात्री तुम्ही घरात कोणाशी बोलाल?