जनुक, जन्म आणि जीवन : मेरी लायन यांची संशोधनवाट

‘हे त्याच्या रक्तातच आहे’, असे आपण किती सहजपणे म्हणतो! याच समजुतीच्या आधारे आपल्या देशात माणसांना शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले. म्हणूनच जनुकांचे कार्य उलगडणाऱ्या एका विद्यार्थिनीची वाटचाल आपण अभ्यासली पाहिजे.

मेरी लायन यांचा जन्म १९२५ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे झाला. १९४३ मध्ये त्या केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे परीक्षा पुरुषांइतकीच कठीण. पदवी मात्र स्त्रियांना नाममात्रच मिळे. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना १९४८ साली लाभले. लायन यांनी आर. ए. फिशर यांच्याकडे पीएच.डी.चे काम आरंभिले. शरीराचा तोल बिघडलेले उंदीर हा त्यांचा विषय. पुढे त्या एडिनबर्गला गेल्या आणि १९५० साली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. ‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा १९४२ मध्ये मांडणारे वॉडिंग्टन तेथेच होते. एकाच फलित पेशीतून त्वचा, हाड, मेंदू असे भिन्न अवयव कसे घडतात, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न.

१९५५ पासून लायन हारवेल येथे संशोधन करू लागल्या. काही उंदीर-माद्यांच्या अंगावर दोन रंगांचे चट्टे दिसत. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत एकच. १९६१ साली लायन यांनी सिद्धान्त मांडला : भ्रूणावस्थेच्या आरंभी मादीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते. कोणते, हे योगायोगाने ठरते. आणि त्या पेशीपासून झालेल्या साऱ्या पेशींत तेच निष्क्रिय राहते. काळ्या-तांबूस चट्ट्यांची मांजर आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे अंग म्हणजे या सिद्धान्ताचा उघडा दाखलाच होय.

तात्पर्य, जनुक असणे आणि ते कार्यरत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नवलाची गोष्ट अशी, की लायन यांचे पहिले मार्गदर्शक फिशर सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते होते. त्याच शास्त्राच्या आधारे जातिव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये निरुत्तर केले होते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. समता प्रयोगशाळेत सिद्ध होत नसते. ते आपण स्वीकारलेले मूल्य आहे. विज्ञान एवढेच करते, की जन्माच्या नावाने सांगितलेले खोटे आधार काढून घेते. भगवान बुद्धांनीही माणसाची थोरवी जन्मावर नव्हे, कर्मावर तोलली. म्हणून प्रश्न विचारा, पुरावा मागा, आणि अपुऱ्या मानाने खचून न जाता अभ्यास पूर्ण करा.