लुईसच्या अग्निसोहळ्याला पाहुण्यांनी जावे का?

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये ब्रायटनला शिकतो. नोव्हेंबरात आम्ही दोघे तिथे असू. जवळच्या लुईस गावचा ५ नोव्हेंबरचा अग्निसोहळा पाहायला जावे का? माझे गुडघे दुखतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : त्या रात्री लुईसला जाऊ नका. गावाची वस्ती सुमारे १७ हजार, रस्ते अरुंद आणि चढउताराचे. पेटत्या मशाली अंगावरून गेल्यासारख्या जवळून जातात, जळती पिंपे ओढत नेतात, पायाशी फटाके फुटतात. गर्दीत अडकलात तर मागे फिरणे कठीण. संध्याकाळी रस्ते बंद होतात. अलीकडच्या वर्षांत त्या संध्याकाळी गाड्याही स्थानकावर थांबत नाहीत. प्रशासनच बाहेरच्यांना येऊ नका म्हणते, त्याचा मान राखावा.

शिवाय हा निव्वळ तमाशा नाही. १६०५ च्या संसद उडवण्याच्या कटाबरोबरच १५५५ ते १५५७ या काळात लुईसला जिवंत जाळलेल्या १७ प्रोटेस्टंटांचीही ही आठवण आहे. त्यांच्यासाठी १७ जळते क्रूस मिरवतात. गावातली मंडळे वर्षभर त्यासाठी राबतात.

पाहायचेच असेल तर ससेक्समधल्या इतर गावांत सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत वेगवेगळ्या शनिवारी असे सोहळे होतात. त्यांतले लहानसे निवडा, परतीची सोय आधी पाहा, सुती कपडे घाला आणि मंडळाच्या मदतपेटीत सढळ हाताने पैसे टाका. लुईस मात्र एखाद्या साध्या दिवशी, निवांत पाहा.