‘शेवटचं काम’ घेण्याआधी

साठी ओलांडलेल्या माणसाला कोणी खुनाची सुपारी देतं, तेव्हा त्याला त्या माणसाचा हात नको असतो, नाव हवं असतं. तंजावरला फौजदारी वकिली करता करता हे मला कळलं.

आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी, कोर्टात तमिळ. तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंतच्या गावांत भांडणं शेताच्या बांधाची, देवळाच्या कुळवहिवाटीची, नदीच्या वाळूची. पैसेवाला स्वतः अरिवाळ, म्हणजे कोयता, उचलत नाही. कूलिपडै, म्हणजे भाडोत्री टोळी आणतो. त्या टोळीत तरुणपणी गाजलेले पुढे चहाच्या टपरीवर बसून असतात. पोलिसांच्या दप्तरी त्यांचं नाव मात्र कायम. निवडणूक आली की चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून द्यायला त्यांनाच आधी बोलावणं येतं.

माझा एक अशील असाच. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. कुरुवै भाताची कापणी आटोपली आणि निरोप आला: ‘पेरियवरे (वडीलधारे), तुम्ही नुसतं सोबत या.’ वार पोरांनी केले. मग सांगणं झालं, ‘लांबच्या कोर्टात हजर व्हा, घर आम्ही बघतो.’ आमच्याकडे ही जुनी वाट आहे. हा हजर झाला. ठरलेले उरलेले पैसे घरी आलेच नाहीत. पोरं जामिनावर सुटली. याच्यावर तमिळनाडूच्या 1982च्या गुंडाविरोधी कायद्याखाली स्थानबद्धतेचा हुकूम निघाला. त्यात खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. त्याचा जुना इतिहासच दुसऱ्यांच्या कामी आला.

पैसे देणारा मागे राहतो, याला या मुलखात मोठा दाखला आहे. 25 डिसेंबर 1968ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत 44 दलित जाळले गेले. आरोपी जमीनदार अपिलात सुटले. मोटारी बाळगणारे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील, हे मद्रास उच्च न्यायालयाला पटलं नव्हतं. क्वचित सूत्रधार सापडतोही. मुंबईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांचा खून जून 2011मध्ये झाला. मे 2018मध्ये तो करवणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला, छोटा राजनलाही, जन्मठेप झाली खरी. पण तो मोठ्या तपासाचा खटला होता. गावाकडच्या भांडणात एवढा तपास कोण करतो?

म्हणून अशा माणसाच्या घरच्यांना चार गोष्टी सांगतो.

‘आगाऊ रक्कम घेऊ आणि ऐनवेळी जाणार नाही’ ही हुशारी चालत नाही. खुनाचा कट ठरला की तिथेच गुन्हा घडतो; भारतीय न्याय संहितेचं कलम 61 त्यासाठीच आहे. पैसे आले असतील तर खर्चू नका, वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे जा. खुनाचा बेत कळल्यावर तो कळवणं ही कायद्याने प्रत्येकाचीच जबाबदारी आहे.

दुसऱ्याच्या वाटणीचं हजर होऊ नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, पण तुम्ही काढून दिलेलं हत्यार होतं. मॅजिस्ट्रेटसमोरचा कबुलीजबाब तर पुरता बांधून घालतो. ‘बोलायला तुम्ही बांधील नाही’ असं ते आधी बजावतात. ते ऐका, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय तोंड उघडू नका.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून पैसे देणाऱ्याचाच वकील घेऊ नका. तो कोणाचं हित बघणार, हे उघड आहे. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात चौकशी करा किंवा 15100 वर फोन लावा.

माणूस अडकलाच असेल, तर माफीचा साक्षीदार होण्याची वाट वकिलाकडून लवकर समजून घ्या. ती माफी न्यायालय देतं, पोलीस नाही. आणि सगळं खरं सांगण्याची अट असते. जिवाला धोका असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

माणूस अशा कामात शिरतोय, हे पहिल्यांदा ध्यानात येतं ते बायकोच्या. रिकामटेकड्या नवऱ्याकडे एकाएकी रोख रक्कम, नवा फोन, दारात अनोळखी मोटरसायकली. बाई, त्याच दिवशी विचारा, पैसे कोणाचे आणि कशाचे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता वकील गाठा. त्या दिवशी वकील तुमच्या नवऱ्याला वाचवू शकतो. खून झाल्यावर फार तर त्याची शिक्षा कमी करायला झगडतो.