बाजरी ठेवली की कबुतरंच येणार!

प्रश्न : पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीत रोज बाजरी ठेवते, पण कबुतरांशिवाय कोणी फिरकत नाही. बुलबुल कसे येतील?

उत्तर : ताई, आधी बाजरी बंद करा. सपाट जागा आणि फुकटचं धान्य मिळालं की कबुतरं मुक्कामच ठोकतात. शिवाय त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना त्रास होऊ शकतो.

बुलबुल फळं आणि किडे खातात. पपईची फोड किंवा सोललेलं केळं तारेने कुंडीतल्या बारीक फांदीला अडकवा. जडशीळ कबुतराला तिथे तोल सांभाळणं अवघड जातं. लालबुड्या बुलबुल बहुधा जोडीने येतो. आधी मान तिरकी करून अंदाज घेतो, मग गर टोचतो. शेपटीखालचा लाल डाग दिसला की ओळख पटली. डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असेल, तर तो शिपाई बुलबुल. उरलेलं फळ संध्याकाळी काढून टाका, नाहीतर मुंग्या लागतात.

चिमण्या, दयाळ पाण्यालाही येतात. मातीची उथळ परात पुरे. पाणी मात्र रोज बदला, डासांना आयतं घर नको. मीठ घातलेला भात, फरसाण अजिबात नको. कुंड्यांवर कीटकनाशकही मारू नका, पिल्लांना किडेच भरवले जातात.

पहिले काही दिवस कोणी आलं नाही तरी जागा बदलू नका.