नेत्ररोगी व कर्णरोगी यांची घरगुती शुश्रूषा

डोळा आणि कान ही ज्ञानाची दोन मोठी द्वारे होत. आम्हा शिक्षकांना तर याचा प्रत्यय रोज येतो. फळ्यावरचे अक्षर न दिसणारे किंवा गुरुजींचे बोलणे अर्धेच ऐकू येणारे मूल पुष्कळदा ‘ढ’ ठरते, आणि दोष बुद्धीचा नसून इंद्रियाचा होता हे फार उशिरा कळते. म्हणून या दोन इंद्रियांचे विकार झाले असता घरच्या माणसांनी रोग्याची शुश्रूषा कशी करावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. कोणते औषध द्यावे हा प्रांत डॉक्टरांचा. ते नीट घालणे आणि रोग्यास सांभाळणे हा प्रांत आपला.

शुश्रूषा घरी आली

पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर रोग्यास इस्पितळात कित्येक दिवस, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून, उताणे निजवीत. पुढे १९४९ साली लंडन येथे हॅरॉल्ड रिड्ली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, आणि १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी सूक्ष्म कंपनांनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून काढण्याची रीत सुरू केली. आता रोगी बहुधा त्याच दिवशी घरी येतो. सोय मोठी झाली खरी. परंतु पूर्वी परिचारिका जे काम करीत, ते आता सून, मुलगा किंवा नात यांच्याकडे आले आहे. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पुढील निष्काळजीपणाने डोळा गमावण्याची पाळी येऊ शकते, हे प्रत्येक घराने ओळखले पाहिजे.

डोळ्याची शुश्रूषा

पहिला नियम हात धुण्याचा. साबणाने हात स्वच्छ धुतल्यावाचून रोग्याच्या डोळ्याजवळ जाऊ नये. रोग्यास बसवून किंवा निजवून वर पाहण्यास सांगावे. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी, आणि तेथे जी खोबण होते तीत एकच थेंब टाकावा. बाटलीचे टोक पापणीस वा बोटास लागता कामा नये. दोन प्रकारचे थेंब असल्यास मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. मलम असल्यास ते शेवटी घालावे. डोळा पुसावयाचा तो नाकाकडून कानाकडे, स्वच्छ कापसाने, आणि एक बोळा एकदाच वापरावा. डोळे आलेल्या माणसाचा टॉवेल व उशीचा अभ्रा निराळा असावा.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये, जड ओझे उचलू नये, निजताना डोळ्यावर संरक्षक झाकण लावावे. डॉक्टर सांगतील तितके दिवस खाली वाकणेही टाळावे. वृद्धांस हा नियम उपासनेच्या वेळी जड जातो. साष्टांग नमस्कार घालणारी आजी असो की सिजदा करणारी दादी असो, तेवढे दिवस बसल्या जागी मान तुकवावी. आजाऱ्यास बसून नमाज पढण्याची मुभा आमच्या धर्मात स्पष्ट आहे. वजू करतानाही डोळ्यात पाणी जाणार नाही, अशी खबरदारी घ्यावी. वेदना वाढू लागली, डोळा अधिक लाल झाला, पू दिसला किंवा नजर कमी झाली, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

दोन अपघात आपल्याकडे विशेष आढळतात. पहिला चुन्याचा. पानाच्या डब्यातला चुना मुलाच्या डोळ्यात उडाला, तर प्रथम स्वच्छ पाण्याची धार धरून डोळा निदान अर्धा तास धुवावा, कण दिसतील ते ओल्या कापसाने काढावेत, आणि मगच दवाखाना गाठावा. येथे एकेक मिनिट मोलाचे असते. दुसरा अपघात शेतातला. भाताची लोंबी किंवा उसाचे पाते बुबुळास लागून जखम चिघळते. अशा डोळ्यात मध, दूध, झाडपाल्याचा रस किंवा दुकानातून आपल्या मनाने आणलेले थेंब मुळीच घालू नयेत.

काचबिंदू मात्र बहुधा वेदनेवाचून येतो, आणि त्याने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. घरात एकास तो असेल, तर भावंडांनी व मुलांनी डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह्याने तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावाच.

कानाची शुश्रूषा

कान वाहणे हे मुलांचे नेहमीचेच, असे समजून आपण दुर्लक्ष करतो. कानाच्या पडद्यास भोक पडून पू येत असतो. त्याने बहिरेपणा येतो, आणि क्वचित रोग आत मेंदूपर्यंतही जातो. अशा कानात तेल घालू नये. स्वच्छ कापसाची वात करून पू टिपून घ्यावा; वात आत ठेवू नये. स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा, म्हणजे पाणी जात नाही.

औषधाची बाटली प्रथम तळहातात धरून कोमट करावी; गार थेंबांनी चक्कर येते. मोठ्या माणसाचा कान वर व मागे ओढावा, लहान मुलाचा खाली व मागे. असे केल्याने कानाची नळी सरळ होते. थेंब घातल्यावर पाच मिनिटे त्याच कुशीवर, म्हणजे दुखरा कान वर ठेवून, निजू द्यावे. हेअरपिन, काडी किंवा चावी कानात घालू नये. कानात हरभरा वा वाटाणा गेल्यास पाणी घालू नये. तो फुगतो व अधिकच अडकतो. तान्ह्या मुलास दूध पाजताना त्याचे डोके उंच धरावे, कारण त्याच्या घशातून कानाकडे जाणारी नळी आखूड व आडवी असते. कानामागे सूज, ताप व डोकेदुखी, तोंड वाकडे होणे किंवा एका कानाने एकाएकी ऐकू न येणे, ही चिन्हे दिसताच त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.

रोग्याचे मन

डोळ्यास पट्टी असलेल्या माणसाच्या खोलीत जाताना आपले नाव सांगावे, आणि निघतानाही सांगून निघावे. खोलीतील सामान हलवू नये. ताटात भात कोठे, आमटी कोठे, हे घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत सांगावे. चालविताना त्यास ढकलू नये. आपला कोपर धरू द्यावा. कमी ऐकणाऱ्याशी ओरडून बोलू नये. त्याच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून, सावकाश व स्पष्ट बोलावे; घरातील सर्वांनी एकदम बोलू नये. तो हसण्याचा विषय झाला की माणसांतून उठून जाऊ लागतो, आणि हा एकांत बहिरेपणाहून वाईट.

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी वर्षी प्रत्येक घरातील एका तरी व्यक्तीने थेंब घालण्याची रीत जाणत्या परिचारिकेकडून समोरासमोर शिकून घ्यावी. यास पैसा लागत नाही. स्वच्छ हात, थोडा धीर आणि गोड शब्द एवढेच लागते.