नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाचे शिक्षण : महाविद्यालयाची निवड कशी करावी?

बारामती तालुक्यातील पणदरे हे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील गाव होय. 1885 च्या सुमारास या कालव्याचे पाणी नीरेच्या खोऱ्यात खेळू लागले आणि कोरडवाहू शिवारांत ऊस उभा राहिला. परंतु निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीस गरजेपेक्षा अधिक पाणी दिले गेले, की भूजलाची पातळी वर येते, पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर साचतात आणि जमीन खारवट किंवा चोपण बनते. नीरा खोऱ्यातील अशा क्षारजमिनींसंबंधी हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने 1910 मध्येच प्रसिद्ध केली होती. याउलट, याच तालुक्याच्या सुपे-मोरगाव बाजूच्या जिरायत भागात पावसाच्या पाण्याचा थेंब अडविणे हा मुख्य प्रश्न आहे. अशा प्रकारे अतिरिक्त पाणी व पाणीटंचाई या दोन्ही समस्या एकाच तालुक्यात नांदत असल्याने मृद व जलसंधारणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या तरुणांची गरज येथे सहज लक्षात येते.

एक विषय, अनेक वाटा

अमेरिकेत नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन या नावाची दोन वर्षांची सहयोगी पदवी घेता येते. आपल्याकडे हा विषय कृषी, स्थापत्य आणि विज्ञान अशा निरनिराळ्या शाखांत विभागलेला आहे. त्यामुळे महाविद्यालय निवडण्यापूर्वी शाखा निवडावी लागते, आणि शाखा निवडण्यापूर्वी पुढे कोणते काम करावयाचे हे ठरवावे लागते. हा क्रम उलटा झाल्यास विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे व कुटुंबाचा पैसा खर्ची पडूनही इच्छित कामाचे दार बंदच राहते.

याचे बोलके उदाहरण मृद व जलसंधारण विभागाच्या भरतीत आढळते. डिसेंबर 2023 मध्ये जलसंधारण अधिकाऱ्यांच्या 670 पदांसाठी जाहिरात निघाली. त्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका आवश्यक होती. कृषी पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास बांधबंदिस्तीचे कितीही ज्ञान असले, तरी केवळ त्या पदविकेच्या बळावर त्यास येथे अर्ज करता येत नव्हता. उलटपक्षी, कृषी सहायक या नावाने गावोगाव परिचित असलेल्या पदासाठी कृषीची पदविका वा पदवी लागते. तेथे स्थापत्य पदविका उपयोगी पडत नाही. वनरक्षकाच्या 2023 मधील भरतीत तर सर्वसाधारण उमेदवारास विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एका विषयासह बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे होते.

कोणता अभ्यासक्रम कोणासाठी?

दहावीनंतर शेतीशी निगडित काम करू इच्छिणाऱ्यांसाठी कृषी विद्यापीठाशी संलग्न कृषी तंत्र विद्यालयाची पदविका ही जवळची वाट होय. पुणे जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. बंधारे, पाझर तलाव, चर व मोजणी यांत रस असणाऱ्यांनी तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या स्थापत्य पदविकेचा विचार करावा. या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची सोय आहे. कृषी पदविकेच्या बाबतीत मात्र पदवी प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून पडताळून घ्यावेत.

बारावीनंतर विज्ञान शाखेत राहणाऱ्यांसाठी 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक मार्ग खुला केला आहे. विहित श्रेयांक मिळवून दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्यास पदविका मिळू शकते. परदेशातील सहयोगी पदवीशी हीच रचना अधिक जुळते. तथापि, अशी पदविका कोणत्या पदांसाठी ग्राह्य धरली जाते, याची खात्री करूनच हा निर्णय घेणे इष्ट.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

पहिली बाब मान्यतेची. कृषी पदविकेसाठी कृषी विद्यापीठाची संलग्नता, तर तंत्रनिकेतनासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता व महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता चालू वर्षासाठी आहे काय, हे मूळ यादीत पाहावे. केवळ माहितीपत्रकावर विसंबून राहू नये.

दुसरी बाब प्रत्यक्ष कामाची. प्रयोगशाळेत मातीचा सामू व विद्युत वाहकता मोजण्याची उपकरणे विद्यार्थ्यांच्या हाती दिली जातात काय? समपातळी रेषा आखण्यास लेव्हल यंत्र आहे काय? महाविद्यालयाला स्वतःचे प्रक्षेत्र आहे काय? पणदऱ्याच्या विद्यार्थ्याने भूमिगत निचरा व जिप्समचा वापर यांविषयी, तर जिरायत गावच्या विद्यार्थ्याने समतल चर व नालाबांध यांविषयी काय शिकविले जाते, हे आवर्जून विचारावे. माळेगाव खुर्द येथे 2009 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आणि बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र परिसरातच असल्याने, या संस्थांच्या कार्याशी विद्यार्थ्यांचा संबंध येतो काय, हेही पाहण्याजोगे आहे.

तिसरी बाब खर्चाची. शिक्षण शुल्काच्या अनेक सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशासच लागू होतात. संस्थास्तरावरील जागा घाईने स्वीकारल्यास त्या गमवाव्या लागतात. शुल्काबरोबरच वसतिगृह, भोजन व प्रवास यांचाही हिशेब संपूर्ण कालावधीसाठी मांडावा.

शाळा व ग्रामपंचायतीचे कर्तव्य

हा हिशेब मांडण्यास अनेक पालकांना मदतीची आवश्यकता असते. माध्यमिक शाळांनी दहावीच्या निकालापूर्वीच मागील दोन-तीन वर्षांच्या भरती जाहिराती विद्यार्थ्यांसमोर ठेवून त्यांतील पात्रतेच्या अटी वाचून घ्याव्यात. ग्रामपंचायतीने मान्यताप्राप्त संस्थांची यादी व प्रवेशाचे वेळापत्रक सूचनाफलकावर लावावे, तसेच गावच्या पाणलोटाच्या कामांवर विद्यार्थ्यांना नेऊन ते काम कोण व कोणत्या शिक्षणाच्या आधारे करतो, हे दाखवावे. मुलींनाही या क्षेत्राची माहिती तितक्याच आग्रहाने दिली पाहिजे.

जमीन बिघडण्यास काही हंगाम पुरतात. ती सुधारण्यास मात्र वर्षानुवर्षे लागतात. हे काम करणारी माणसे गावातच तयार व्हावयाची असतील, तर त्यांच्या शिक्षणाची पहिली निवड विचारपूर्वक होणे अगत्याचे आहे.